स्ट्रासबुर्गचे विद्यापीठ आणि विद्येचा उपयोग

गेल्या पालक-सभेच्या दिवशी सभा आटोपल्यावर एक सद्गृहस्थ मजजवळ येऊन थांबले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेत वरच्या वर्गात आहे. ते म्हणाले, "मास्तर, मुलगा हुशार आहे असे आपणच सांगता. पण त्याच्या मनात पुढे इतिहास घ्यावयाचा आहे. इतिहास शिकून उपयोग काय, ते आपणच मला समजावून सांगा." त्या वेळी मला घाई होती, व मी काहीसे तुटक उत्तर दिले. घरी गेल्यावर मात्र त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. प्रश्न प्रामाणिक होता. पोटास चिमटा घेऊन जो मनुष्य मुलाची फी भरतो, त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तेव्हा त्या राहिलेल्या उत्तराची फेड म्हणून हा लेख लिहीत आहे.

उत्तर देताना केवळ तत्त्वे सांगण्यापेक्षा एखादे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे हे बरे. म्हणून एका विद्यापीठाची हकीकत सांगतो. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ऱ्हाईन नदीच्या काठी, अल्सास नावाच्या प्रांतात स्ट्रासबुर्ग हे शहर आहे. तेथील विद्यापीठात गेल्या पावणेदोनशे वर्षांत रसायन, वैद्यक, पदार्थविज्ञान, इतिहास, समाजशास्त्र, भाषा, धर्मशास्त्र, ज्योतिष अशा नाना शाखांत जे संशोधन झाले, त्यावरून विद्येचा उपयोग कोणता व तो केव्हा कळतो ह्याचा चांगला उलगडा होतो.

प्रथम संशोधन म्हणजे काय ते पाहू. शाळेत आपण जे शिकतो ते कोणीतरी पूर्वी शोधून ठेवलेले असते. विद्यापीठात मात्र शिकविणे आणि शोधणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालतात. शोधण्याच्या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, प्रश्न नेमका करणे. दुसरी, त्याचे उत्तर पुराव्यानिशी शोधून लिहून काढणे. तिसरी, ते छापून जगापुढे ठेवणे, म्हणजे दुसऱ्या कोणासही ते तपासून पाहता येईल व चूक असल्यास दाखविता येईल. ही तिसरी पायरी चढल्यावाचून कितीही मोठ्या पंडिताचा शोध हा शोध ठरत नाही. एखाद्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या निबंधांचे, ग्रंथांचे व नियतकालिकांचे ढीग पाहून सामान्य मनुष्य गोंधळून जातो. परंतु त्या प्रत्येक कागदाच्या मुळाशी ह्याच तीन पायऱ्या असतात.

आमच्या विद्यार्थ्यांना कौतुक वाटावे अशी गोष्ट ही की, स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठाचा जन्म एका शाळेतून झाला. इ. स. १५३८ मध्ये योहान्नेस स्टुर्म नावाच्या विद्वानाने तेथे एक विद्यालय स्थापिले. मुलांची वयाप्रमाणे व तयारीप्रमाणे एकापुढे एक अशा इयत्तांत वाटणी करणे ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी पद्धत त्या काळी नवी होती, आणि ती नीट बसविणाऱ्यांत स्टुर्मची गणना होते. १५६६ साली त्या विद्यालयास वरच्या शिक्षणाचा दर्जा मिळाला व १६२१ साली ते विद्यापीठ झाले. जर्मन महाकवी गटे हा १७७०-७१ मध्ये तेथे कायद्याचा विद्यार्थी होता.

ह्या शहराचे प्रारब्ध मात्र विलक्षण. १६८१ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने ते घेतले. १८७०-७१ च्या युद्धानंतर ते जर्मनीकडे गेले. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ साली फ्रान्सकडे परत आले. १९४० साली जर्मनांनी पुन्हा घेतले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये ते पुन्हा मुक्त झाले. पंचाहत्तर वर्षांत एकाच घरातील आजोबांना व नातवाला चार वेळा निशाण बदललेले पाहावे लागले. विद्यापीठाची भाषा, अध्यापक व नाव हीही त्याबरोबर बदलत गेली. म्हणून त्याची कथा सांगताना फ्रेंच व जर्मन अशी दोन्ही नावे पुढे येतील, त्याचे नवल मानू नये.

आता संशोधनाकडे वळू. १८४९ च्या आरंभी स्ट्रासबुर्गला रसायनाचा एक सव्वीस वर्षांचा अध्यापक आला. त्याचे नाव लुई पाश्चर. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढणारा म्हणून त्यास आपण ओळखतो. पण ती गोष्ट पुष्कळ पुढची. त्या वेळी त्याचे सारे लक्ष एका आंबट पदार्थाच्या स्फटिकांकडे लागले होते. द्राक्षाच्या मद्याच्या पिंपांत तळाशी जो खर साचतो त्यातून टार्टारिक अम्ल निघते. आपल्या चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याच अम्लाचा आहे. ह्या अम्लाच्या द्रावातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला असता त्याची पातळी एका बाजूस वळते. परंतु त्याच घटकांचे, त्याच प्रमाणाचे दुसरे एक अम्ल होते, त्यातून प्रकाश सरळ जाई. असे का व्हावे?

पॅरिसमध्ये १८४८ साली पाश्चरने ह्या दुसऱ्या अम्लाच्या क्षाराचे बारीक स्फटिक भिंगाखाली एकेक करून निवडले, तेव्हा त्यास दिसून आले की ते दोन जातींचे आहेत. आपला उजवा हात व डावा हात हुबेहूब सारखे असूनही एकावर एक बसत नाहीत, आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटे असतात. तसेच ते स्फटिक होते. एक जात प्रकाश उजवीकडे वळवी, दुसरी डावीकडे, आणि दोन्ही समप्रमाणात मिसळल्या की परिणाम शून्य. स्ट्रासबुर्गला आल्यावर पाच वर्षे त्याने हाच धागा पुढे नेला. त्या दुर्मिळ अम्लाच्या शोधार्थ १८५२ साली तो लाइप्झिग, ड्रेस्डेन, व्हिएन्ना, प्राग अशी गावोगाव भटकंती करून आला, आणि पुढल्या वर्षी ते अम्ल साध्या टार्टारिक अम्लापासून प्रयोगशाळेतच तयार करण्यास शिकला.

त्या वेळी कोणी पालकाने विचारले असते, "पंतोजी, खड्यांचे डावे-उजवे निवडून उपयोग काय?" तर पाश्चरला काय सांगता आले असते? आज आपल्याला ठाऊक आहे की, सजीवांच्या शरीरातील बहुतेक महत्त्वाचे रेणू डाव्या किंवा उजव्या अशा एकाच घडणीचे असतात. पुष्कळ औषधांत एक घडण रोग बरा करते आणि तिची उलटी घडण निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरते. औषधे करणाऱ्यास हा डावा-उजवा भेद पाळल्यावाचून गत्यंतर नाही. चिंचेच्या आंबटपणाच्या चौकशीतून एवढे निघाले.

१८७० च्या युद्धात शहराला वेढा पडला. २४ ऑगस्टच्या रात्री तोफांच्या माऱ्याने तेथील ग्रंथालय जळाले व शतकानुशतके जपलेली हस्तलिखिते एका रात्रीत राख झाली. त्यानंतर देशोदेशींहून लोकांनी ग्रंथ पाठविले आणि त्यांतून नवे ग्रंथालय उभे राहिले. १८७२ साली जर्मन अमलाखाली विद्यापीठही नव्याने सुरू झाले.

ह्या कालखंडातील एक हकीकत, ज्यांच्या घरात कोणी मधुमेही आहे, त्या सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८८९ साली तेथे योझेफ फॉन मेरिंग व ऑस्कर मिंकोव्स्की हे दोघे वैद्य पचनक्रियेचा अभ्यास करीत होते. जठरामागे असलेला स्वादुपिंड नसेल तर स्निग्ध पदार्थ पचतात की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. तो सोडविण्यासाठी एका कुत्र्याचा स्वादुपिंड त्यांनी काढून टाकला. कुत्रा शस्त्रक्रियेतून वाचला. परंतु त्यास वारंवार लघवी होऊ लागली. मिंकोव्स्कीने ती तपासली तो तीत साखर! मधुमेह हा रोग ज्या अवयवाशी निगडित आहे त्या अवयवाचा पत्ता अशा रीतीने लागला. शोधावयास गेले एक आणि सापडले दुसरे. तथापि हे केवळ दैव नव्हे. जे दिसले ते क्षुल्लक म्हणून सोडून न देता तपासून पाहण्याची शिस्त अंगी नसती, तर ती साखर तशीच वाहून गेली असती.

पुढे बत्तीस वर्षांनी, १९२१ साली, कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी त्याच अवयवातून इन्शुलिन काढले. आणि जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मृत्युपंथास लागलेल्या मुलास ते टोचून त्याचे प्राण वाचविण्यात आले. स्ट्रासबुर्गच्या त्या दोघांनी मधुमेहावर औषध शोधले नव्हते. त्यांनी फक्त औषध कोठे शोधावे ते दाखवून दिले. एक पिढी पेरते, दुसरी कापते, आणि खाणारा तिसराच. विद्येचे शेत असे आहे.

त्याच विद्यापीठात १८९७ साली पदार्थविज्ञानाचे अध्यापक फेर्डिनांड ब्राउन ह्यांनी काचेची एक निर्वात नळी बनविली. तीत विजेच्या किरणांचा झोत चुंबकाच्या योगाने हलवून पडद्यावर रेषा उमटविता येई. विजेचे झपाट्याने होणारे बदल डोळ्यांनी पाहता यावेत एवढाच तिचा हेतू होता. ज्यांच्या घरी पूर्वीचा मोठ्या काचेचा दूरदर्शन-संच होता, त्यांनी ब्राउनची नळीच घरात ठेवली होती. ब्राउन ह्यांना बिनतारी संदेशवहनातील कामाबद्दल १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनीबरोबर विभागून मिळाले.

एकीकडे असे प्रयोग चालले असता दुसरीकडे त्याच विद्यापीठात अर्न्स्ट लॉयमान नावाचे संस्कृतचे अध्यापक जैन ग्रंथांच्या हस्तलिखितांवर वाकून बसलेले असत. जैन साधूंच्या नित्यविधीच्या ग्रंथांवरील जुन्या कथांचा त्यांनी संग्रह करून तो १८९७ मध्ये, म्हणजे ब्राउनच्या नळीच्याच वर्षी, प्रसिद्ध केला. ह्या कथा ज्या भाषेत आहेत तिला जैन महाराष्ट्री म्हणतात, आणि महाराष्ट्री प्राकृत ही आपल्या मराठीची पूर्वज. ऱ्हाईनच्या काठी बसून एक मनुष्य आपल्या भाषेच्या आजीच्या गोष्टी गोळा करीत होता. त्याला त्यात पैसा नव्हता, आणि त्याच्या शेजाऱ्यांना बहुधा त्यात अर्थही वाटला नसेल.

ह्याच काळातील आणखी एका विद्यार्थ्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. आल्बेर्ट श्वाइट्झर ह्यांनी येथे तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. १८९९ मध्ये कांट ह्या तत्त्वज्ञावर प्रबंध लिहिला आणि पुढे तेथेच ते धर्मशास्त्र शिकवू लागले. संगीतकार बाख ह्याच्यावरील त्यांचा ग्रंथ आजही नावाजला जातो. असा मानमान्यतेचा मनुष्य तिसाव्या वर्षी, १९०५ साली, आपल्याच विद्यापीठात वैद्यकाच्या पहिल्या वर्गात नवशिक्या मुलांबरोबर जाऊन बसला! आफ्रिकेतील रोग्यांची सेवा करावयाची तर वैद्यक आले पाहिजे, एवढेच त्याचे कारण. १९१३ साली ते पत्नीसह गॅबनमधील लांबारेने येथे गेले व तेथे त्यांनी रुग्णालय उभारले. १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. एकाच मनुष्यात इतक्या विद्या एकत्र नांदल्या, ह्याचे कारण त्या सर्वांचा धनी एकच होता, तो म्हणजे त्याचे अंतःकरण.

१९१८ नंतर विद्यापीठ पुन्हा फ्रेंच झाले. तरुण अध्यापक गोळा झाले. त्यांत ल्युसियँ फेव्र व मार्क ब्लॉक हे इतिहासकार आणि मोरिस हाल्बवाक्स हे समाजशास्त्रज्ञ होते. तेथे शनिवारी निरनिराळ्या विषयांचे अध्यापक एकत्र बसून आपापल्या कामाची चर्चा करीत. इतिहासकाराला भूगोलाचा जाणकार प्रश्न विचारी, समाजशास्त्रज्ञाला भाषेचा अभ्यासक अडवी. ह्या बैठकांचा परिणाम इतिहासलेखनावर फार झाला. तोपर्यंतचा इतिहास म्हणजे मुख्यतः राजे, तह आणि लढाया. ब्लॉक व फेव्र म्हणू लागले की शेतकऱ्याचा नांगर, बाजारातील भाव, लोकांच्या समजुती व भीती हाही इतिहासच आहे. मध्ययुगात राजाचा हात लागला की गंडमाळा बऱ्या होतात अशी फ्रान्समध्ये व इंग्लंडमध्ये श्रद्धा होती. एवढ्या एका श्रद्धेचा माग काढीत ब्लॉक ह्यांनी १९२४ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. राजाने लोक खरोखर बरे होत नसत. मग शेकडो वर्षे ते तसे मानीत का राहिले, हा त्यांचा प्रश्न होता. पुढल्याच वर्षी हाल्बवाक्स ह्यांनी स्मृतीवर ग्रंथ लिहून दाखविले की, आपली आठवण ही एकट्याची नसते, कुटुंबाच्या व समाजाच्या आधाराने ती टिकते. जानेवारी १९२९ मध्ये ब्लॉक व फेव्र ह्यांनी 'आनाल' नावाचे नियतकालिक काढले. ते आजही निघते, आणि जगभर इतिहास कसा लिहावा ह्यावर त्याचा ठसा उमटला आहे.

आता ह्या कथेतील काळोखाचा भाग येतो. तो मुलांना सांगू नये असे काहींना वाटेल. मला तो सांगणे अवश्य वाटते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सारे शहर रिकामे करण्यात आले व विद्यापीठ मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ ह्या गावी हलविण्यात आले. पुस्तके, उपकरणे, अध्यापक व विद्यार्थी असा सारा संसार पाठीवर घेऊन ते निघाले. १९४० साली जर्मनांनी स्ट्रासबुर्ग घेतल्यावर विद्यापीठास परत येण्यास फर्माविले. पुष्कळांनी ते मानले नाही. शिकविणे परक्या गावी चालू राहिले आणि त्याच्या आडोशाने नाझींविरुद्धचा गुप्त लढाही चालला. २५ नोव्हेंबर १९४३ रोजी जर्मन सैनिकांनी तेथील इमारतींवर छापा घातला. पोल कोलाँ नावाचे, जुन्या ग्रीक हस्तलेखांचे अध्यापक, तेथेच गोळीने मारले गेले. शंभराहून अधिक लोकांना छळछावण्यांत धाडण्यात आले. त्यांतील कितीतरी परतले नाहीत.

मार्क ब्लॉक १९३६ सालीच पॅरिसला गेले होते. परंतु १९४० च्या पराभवानंतर त्यांनी काही काळ क्लेरमाँ येथे आपल्या जुन्या विद्यापीठात पुन्हा शिकविले. ते ज्यू होते आणि सहा मुलांचे बाप होते. पन्नाशी उलटली असता, सैन्यात जाण्याचे बंधन नसता, ते युद्धावर गेले होते. पुढे ते लिओं शहरी गुप्त लढ्यात सामील झाले. मार्च १९४४ मध्ये ते पकडले गेले, त्यांचा छळ झाला, आणि १६ जून १९४४ रोजी इतर कैद्यांबरोबर एका शेतात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हाल्बवाक्सही मार्च १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत मरण पावले. ब्लॉक ह्यांच्यामागे एक अपुरे हस्तलिखित राहिले. ते फेव्र ह्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाचा आरंभ एका लहान मुलाने आपल्या बापाला केलेल्या प्रश्नाने होतो, आणि तो प्रश्न असा की, इतिहासाचा उपयोग काय! सभेच्या दिवशी मला पडलेला प्रश्न तो हाच. ज्या मनुष्याची पुस्तके व घर हिरावून घेतले गेले होते, त्याने त्या दिवसांत बसून ह्याच प्रश्नाचे उत्तर लिहावयास घेतले होते. २०२४ साली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी, राष्ट्राच्या थोर व्यक्तींच्या स्मारकमंदिरात ब्लॉक ह्यांना स्थान देण्यात येईल असे जाहीर केले.

इकडे स्ट्रासबुर्गच्या रिकाम्या इमारतींत जर्मनांनी १९४१ साली आपले एक विद्यापीठ थाटले. तेथे शरीररचनाशास्त्राचा हिर्ट नावाचा अध्यापक होता. ज्यू लोक ही हीन जात आहे हे 'शास्त्रीय' रीतीने दाखविण्यासाठी त्यांच्या सांगाड्यांचा संग्रह करावयाचा, असा घोर बेत त्याने आखला. त्यासाठी आउश्वित्झ येथून निवडून आणलेल्या स्त्री-पुरुषांपैकी ८६ जणांना ऑगस्ट १९४३ मध्ये जवळच्या छावणीत विषारी वायूने ठार करण्यात आले व त्यांची प्रेते त्याच्या संस्थेत आणून ठेवण्यात आली. शहर मुक्त झाल्यावर ती तेथे सापडली.

वाचकहो, ह्या मनुष्यापाशी पदवी होती, प्रयोगशाळा होती, शास्त्राची परिभाषा होती. प्रश्न मात्र त्याने उत्तर आधीच ठरवून विचारला होता, आणि मनुष्यास मनुष्य म्हणून पाहणे त्याने सोडले होते. तेव्हा विद्या ही आपोआप मनुष्यास चांगले करते असे समजू नये. तेच शहर, त्याच इमारती, तेच वैद्यक. एकाने ते रोग्यांच्या सेवेसाठी तिसाव्या वर्षी शिकून घेतले. दुसऱ्याने त्यातून खुनाचे हत्यार घडविले.

आणि म्हणूनच पुढे जे झाले ते मला फार मोलाचे वाटते. त्या ८६ जणांची नावे कित्येक दशके अज्ञात होती. त्यांच्या हातांवर गोंदलेल्या आकड्यांच्या टिपणावरून एका जर्मन संशोधकाने चिकाटीने एकेक नाव शोधून काढले. २०१५ साली काही अवशेष वैद्यकाच्या जुन्या संग्रहात आढळले, तेव्हा त्यांचे विधिपूर्वक दफन झाले. त्यानंतर २०१६ साली स्ट्रासबुर्ग विद्यापीठाने निरनिराळ्या देशांच्या इतिहासकारांची एक समिती नेमली आणि नाझी काळात त्या इमारतींत काय काय घडले ते सारे तपासून २०२२ साली तिचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. ते दुष्कृत्य आपल्या माणसांनी केलेले नाही, असे म्हणून विद्यापीठाला हात झटकता आले असते. पण आपल्याच कपाटांतील कप्पे उघडून पाहण्याचे धैर्य त्याने दाखविले, आणि त्या कामी उपयोगी पडली ती कोणती विद्या? इतिहास.

युद्धानंतर विद्यापीठ आपल्या गावी परतले. क्लेरमाँच्या दिवसांबद्दल १९४७ साली त्यास प्रतिकाराचे राष्ट्रीय पदक देण्यात आले. संशोधनही पुन्हा बहरले. १९३९ साली अल्सासमध्येच जन्मलेले झाँ-मारी लेन ह्यांना तत्त्वज्ञानाची ओढ होती. मज्जातंतूंतून संदेश कसे जातात ह्या कुतूहलाने ते रसायनाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. त्यांनी पोकळी असलेले असे रेणू घडविले की, डबीत सुपारी राहावी तसा त्या पोकळीत धातूचा एखादाच विशिष्ट कण जाऊन बसावा. ह्याबद्दल त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक दोन अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले. त्यांच्याच हाताखाली प्रबंध केलेले झाँ-पिएर सोव्हाज ह्यांनी १९८३ साली तांब्याच्या कणाचा आधार घेऊन दोन वर्तुळाकार रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत ओवले. रेणूंची यंत्रे बनविण्याची ती सुरुवात. तिला २०१६ चे नोबेल मिळाले. गुरूच्या ओट्यावर शिष्याने घर बांधावे असा हा प्रकार.

जूल हॉफमन ह्यांनी तर आयुष्य किड्यांत घालविले. आधी नाकतोडे, मग फळांवर घोंगावणारी चिमुकली माशी. सडक्या पदार्थांत वावरूनही किडे रोगाने मरत कसे नाहीत, हा त्यांचा प्रश्न. १९९६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, माशीतील 'टोल' नावाचे जनुक बिघडले की बुरशी तिला खाऊन टाकते. पुढे तशाच जातीची जनुके मनुष्यातही रोगाची पहिली चाहूल घेतात असे दिसून आले आणि २०११ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हॉफमन ह्यांना इतर दोघांबरोबर मिळाले.

तेथील वेधशाळेत १९७२ सालापासून आणखी एक मूक काम चालले आहे. जगातील ज्योतिर्विदांनी निरनिराळ्या यादींत निरनिराळ्या नावांनी नोंदलेले तारे व दीर्घिका जुळवून त्यांची एक महानोंदवही तेथे ठेवली जाते. ती कोणासही विनामूल्य पाहता येते. तेथे जमविलेल्या सूचींची प्रत पुण्याच्या 'आयुका' संस्थेनेही आपल्याकडे ठेवली होती, ती इकडील अभ्यासकांच्या सोयीसाठी. ह्या कामास पारितोषिक नाही, परंतु ते नसेल तर पुष्कळांची पारितोषिके अडतील.

१९७० च्या सुमारास ह्या विद्यापीठाचे शास्त्र, साहित्य व कायदा असे तीन भाग होऊन तीन निराळी विद्यापीठे झाली होती. त्यांना अनुक्रमे पाश्चर, मार्क ब्लॉक व रोबेर शूमान ह्यांची नावे होती. १ जानेवारी २००९ रोजी ती तिन्ही पुन्हा एक झाली. अनुभवान्ती असे दिसले की विद्यांची घरे निराळी केली तरी अंगण एकच असावे लागते.

आता त्या सद्गृहस्थांना माझे उत्तर. महाराज, कोणत्या विद्येचा उपयोग केव्हा होईल हे आधी सांगता येत नाही. स्फटिक निवडणाऱ्यास औषधे ठाऊक नव्हती, कुत्र्याची साखर पाहणाऱ्यास इन्शुलिन ठाऊक नव्हते, माशी पाळणाऱ्यास मनुष्याचे रक्षण ठाऊक नव्हते. एवढे मात्र सांगता येते की, ज्याने प्रश्न नेमका विचारला, उत्तर प्रामाणिकपणे शोधले आणि ते तपासणीस खुले ठेवले, त्याचे श्रम सहसा वाया गेले नाहीत. पोटाची चिंता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण आपला मुलगा इतिहास मनापासून शिकला, तर पुरावा कसा पाहावा, ऐकीव गोष्ट कशी पारखावी आणि लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी कशी घ्यावी हे शिकेल. आणि असा मनुष्य ज्या कामास हात घालील त्या कामात तो उपयोगी पडेल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच. रसायन घ्या, वैद्यक घ्या, इतिहास घ्या, भाषा घ्या. पण शेजारच्या वर्गात काय चालले आहे ह्याकडे पाठ फिरवू नका. आणि जे शिकाल ते कोणासाठी, हे आपल्या मनाला विचारीत जा. श्वाइट्झर व हिर्ट ह्या दोघांनीही वैद्यकच शिकले होते, हे विसरू नका.